मगरिबला वाजणारे बारा

माझ्या वडिलांकडे एचएमटीचे चावीचे मनगटी घड्याळ होते. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की ते रेडिओबरोबर घड्याळ मिळवायचे आणि मग चावी द्यायचे. चावी आधी सैल फिरते, मग जड होते, शेवटी पुढे सरकत नाही, तिथे थांबायचे. कमान सैल पडत गेली की घड्याळाची चाल बदलते, म्हणून रोज ठरलेल्या वेळीच चावी. या गोष्टी त्या पिढीच्या बोटांना ठाऊक होत्या.

रोज घड्याळ मिळवण्याची ही सवय उस्मानी काळातल्या इस्तंबूललाही होती. तिथे रेडिओच्या जागी मावळता सूर्य होता. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून मगरिबच्या वेळी घड्याळात बारा वाजले पाहिजेत, असा हिशेब. आपल्याकडे ‘बारा वाजले’ म्हणजे सगळे संपले. तिथे दिवस बाराला सुरू व्हायचा. पण सूर्यास्त रोज थोडा सरकतो. इस्तंबूलला मार्च-सप्टेंबरच्या सुमारास तो दिवसाला मिनिटाहून अधिक हलतो. म्हणजे अगदी बिनचूक घड्याळही दुसऱ्या संध्याकाळी चुकणार. काटे रोज हलवावेच लागत. लंडनचे जॉर्ज प्रायर यांच्यासारखे कारागीर अठराव्या शतकात खास तुर्की बाजारासाठी, तुर्की आकड्यांची खिशातली घड्याळे बनवत. ती दिवसाला काही मिनिटे इकडेतिकडे होत, पण चूक साठत नसे. संध्याकाळी हिशेब पुन्हा कोरा.

मोठ्या मशिदींना लागून मुवक्कितखाना असे. तिथला मुवक्कित सूर्याच्या उंचीवरून नमाजच्या वेळा काढायचा, दालनातली घड्याळे राखायचा आणि येणारे-जाणारे तिथे आपले घड्याळ लावून घ्यायचे. हे पद उस्मानींच्या आधीचे. चौदाव्या शतकातला मोठा खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर दमास्कसच्या उमय्यद मशिदीत मुवक्कितच होता. तिथल्या मिनारासाठी त्याने केलेली छायाघडी प्रसिद्ध आहे.

हे सांगायचे कारण, सोळाव्या शतकातल्या बुस्बेक नावाच्या युरोपीय वकिलाचे एक वाक्य आजही फेकले जाते. तुर्क सार्वजनिक घड्याळे उभारत नाहीत, कारण त्यामुळे मुअज्जिनांचा मान कमी होईल असे त्यांना वाटते, असे त्याने लिहिले. त्यावरून मुसलमानांचे यंत्राशी वाकडे, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण त्याच सुमारास, 1559 मध्ये, तकीउद्दीन यांनी यांत्रिक घड्याळांवर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे इस्तंबूलच्या वेधशाळेत त्यांनी ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी सेकंद मोजणारे घड्याळ वापरले. ती वेधशाळा 1580 मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली, हेही लपवू नये. आभाळात डोकावणे अशुभ, असा सल्ला शेख-उल-इस्लामांनी दिला होता. ती चूक आपल्यातल्याच लोकांची. मात्र त्यांचा आक्षेप आकाश पाहण्यावर होता, घड्याळावर नव्हता. घड्याळ मशिदीच्या आवारातच नांदत राहिले.

1 जानेवारी 1926 पासून तुर्कस्तानने मध्यरात्रीपासून मोजायची वेळ स्वीकारली. 1952 मध्ये मुवक्कितांचे पदही रद्द झाले. एका शहरात दोन वेळा चालणे आपल्यालाही नवे नाही: भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी मुंबईत तिच्या 39 मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ कित्येक वर्षे टिकून होती.

वडिलांचे घड्याळ आता माझ्याकडे आहे. गेल्या रमजानमध्ये एका संध्याकाळी मगरिबच्या अजानला मी त्याचे काटे बारावर आणले आणि पूर्ण चावी दिली. दुसऱ्या दिवशी अजान झाली तेव्हा त्यात बाराला तीन मिनिटे कमी होती. मुंबईचा सूर्यास्त दिवसाला मिनिटभरही हलत नाही, तेव्हा ती तीन मिनिटे घड्याळाचीच.