दाबघट व तारेची जाडी

तारेतून वीज वाहताना तारेच्या स्वतःच्या रोधामुळे काही व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि पलीकडच्या टोकाला दाब कमी मिळतो. या तुटीला दाबघट म्हणतात. तार निवडताना ती तापू नये एवढे पाहणे घरातल्या आखूड वायरिंगला बहुधा पुरते. शेतात मात्र स्टार्टर एका बांधाला आणि बोअर दुसऱ्या टोकाला असते. तिथे जाडी ठरते ती अंतरावरून.

तारेचा रोध लांबीच्या सम आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १ चौ. मिमी छेदाच्या, १ मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध २०° से. तापमानाला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. ॲल्युमिनियमचा त्याच्या दीडपटीहून अधिक. थ्री-फेज मोटारीसाठी दाबघट = १.७३ × प्रवाह × एका तारेचा रोध × शक्तिगुणक, हे सूत्र लहान आकाराच्या केबलींना पुरेसे अचूक आहे. सिंगल-फेजला १.७३ ऐवजी २ घ्यावे, कारण प्रवाह जातो आणि परततो.

समजा, ४१५ व्होल्टवरची पाणबुडी मोटार ९ अँपियर घेते, शक्तिगुणक ०.८ आहे आणि बोअरच्या खोलीसह केबल ३०० मीटर आहे. २.५ चौ. मिमी तांब्याची केबल हा प्रवाह सहज पेलते, पण तिच्यात सुमारे २६ व्होल्ट, म्हणजे ६ टक्क्यांहून अधिक दाब जातो. ४ चौ. मिमीमध्ये १६ आणि ६ चौ. मिमीमध्ये ११ व्होल्ट जातात. मर्यादा ३ टक्क्यांची ठेवली, तर ६ चौ. मिमीच घ्यावी लागते. बोअरची खोली हिशेबात धरायची राहून जाते, ती आवर्जून धरावी.

मोटारीचा चालू होतानाचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो: दाब १० टक्के घटला, तर जोर ८१ टक्क्यांवर येतो. शिवाय थेट स्टार्टरवर मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, तेव्हा तारेतली घटही कितीतरी वाढते. चालू मोटार कमी दाबावर तेवढेच काम करण्यासाठी जास्त प्रवाह घेते, वाइंडिंग तापते आणि अखेर जळते. डीपीवरच दाब कमी असेल, तर तारेतली घट त्यात भर घालते. अशा ठिकाणी केबल एक आकार वरची घेणे शहाणपणाचे, कारण मोटार वर काढणे आणि रिवाइंडिंग हा खर्च पुन्हा पुन्हा येतो. केबलीचा जोड सैल असेल, तर जाड तारही उपयोगी पडत नाही. त्या एका जागी रोध वाढून जोडच तापतो.