विजयंताची कुळकथा

जानेवारी १९५५मध्ये मद्रासजवळच्या आवडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि समाजवादी समाजरचनेचा ठराव झाला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून ‘कमांडर-इन-चीफ’ ही इंग्रजी अमदानीतली पदवी मोडीत काढली. सेनापती आता ‘चीफ ऑफ द आर्मी स्टाफ’ झाले. या दोन निर्णयांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तरी एकातून सरकारी मालकीचं धोरण आणि दुसऱ्यातून सैन्यावरचा मुलकी वरचष्मा पुढे आला, म्हणून विजयंता रणगाड्याचं आजोळ नि घराणं मला त्यांच्यातच दिसतं.

१९६१मध्ये कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी करार झाला आणि आवडीत हेवी व्हेइकल्स फॅक्टरी उभी राहू लागली. चीनच्या युद्धानंतर मेनन गेले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला आले. त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १९६५मध्ये, पहिला विजयंता आवडीतून बाहेर पडला. वजन सुमारे ३९ टन, तोफ १०५ मिलिमीटरची. पाकिस्तानशी सप्टेंबरमध्ये झालेलं युद्ध तेव्हा संपलं होतं. तो लढला १९७१मध्ये.

रणगाड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच्या कारखान्याची मालकी. तो बांधणारे कामगार मुलकी, कारखाना संरक्षण मंत्रालयाचा, पैसा संसदेने मंजूर केलेला, हिशेब कॅगपुढे. लष्कर फक्त गिऱ्हाईक. उलट, पाकिस्तानात तक्षशिलेच्या रणगाडा कारखान्याचा अध्यक्ष लेफ्टनंट जनरल असतो. इंडोनेशियात लष्करशहा सुहार्तो १९९८मध्ये पायउतार झाले, पण लष्कराचे उद्योगधंदे सरकारने पाच वर्षांत ताब्यात घ्यावेत हा कायदा व्हायला २००४ उजाडलं. सत्ता सोडताना कारखाने, जमिनी, नफाही सोडावा लागणार असेल, तर बराकीत परतायला सेनापती सहजी तयार होत नाहीत. आपल्या लष्कराच्या शिस्तीचं कौतुक रास्तच आहे. पण तिच्या जोडीला ही मुलकी मालकी होती, हे आपण क्वचितच सांगतो.

या मुलकी मालकीची किंमतही मोजावी लागली. अर्जुन रणगाड्याला १९७४मध्ये मंजुरी मिळाली, आणि तो सैन्यात येईपर्यंत तीस वर्षं गेली. गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारं कुणी नसलं की असं होतं.

१ ऑक्टोबर २०२१पासून आवडीचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आहे. त्याआधी कामगार संघटनांनी या बदलाला विरोध करून संपाची हाक दिली, तेव्हा आधी वटहुकूम आणि मग कायदा करून संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालता येईल अशी तरतूद झाली. मुलकी हातांनी घडवलेल्या या व्यवस्थेत त्याच हातांचा आवाज दाबला गेला, हे मला फार खुपतं.