आपल्या गावांचा इतिहास आणि सप्ताहातली व्याख्यानं



शताब्दीच्या या ग्रंथात दिंडीच्या विणेकऱ्यांवर, चोपदारांवर, अन्नदात्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सप्ताहात दुपारी आपल्या भागाच्या इतिहासाची व्याख्यानं होतात, त्यावर आम्ही लिहावं असं मंडळींनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. जे ऐकलं, जे कीर्तनातून सांगितलं, तेवढंच मांडतो.

आधी एक ध्यानात घ्या. नारदीय कीर्तनाची रीत निराळी आणि वारकरी कीर्तनाची निराळी. नारदीय कीर्तनात पूर्वरंग झाला की उत्तररंगात आख्यान लागतं, तिथं कथा ऐसपैस सांगता येते. आपल्या फडावर तसं चालत नाही. एक अभंग घ्यायचा, चरणाचरणानं निरूपण करायचं, प्रमाण संतांचंच द्यायचं. गडकोटाची गोष्ट आली तरी दृष्टांतापुरती, चार वाक्यांत संपायची. मग गावचा इतिहास सांगायचा कधी? म्हणून काकडा, पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन आणि जागर या रोजच्या क्रमात प्रवचन संपल्यावर आणि हरिपाठ लागायच्या आधी एक तास इतिहासाला ठेवला. कधी शाळेतले गुरुजी बोलतात, कधी कॉलेजातले प्राध्यापक, कधी गावातलाच एखादा म्हातारा. बुक्का लावायचा, नारळ द्यायचा, मानधनाचं नाव नाही.

इतिहास म्हटला की पोरांना वाटतं रायगड, पानिपत, म्हणजे सगळं लांबचं. पण आपल्या पायाखाली काय आहे ते बघा. चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट, त्याला डोंगराचा आधार नाही. १६६० च्या जूनमध्ये शाहिस्तेखानानं मोठ्या फौजेनिशी त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. थोडक्या माणसांनिशी त्यांनी जवळजवळ दोन महिने कोट झुंजवला. शेवटी ऑगस्टात बुरुजाखाली सुरुंग उडाला तेव्हा खिंडार पडलं. हे पुस्तकात आहेच. पण व्याख्यान झाल्यावर आमच्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, जून ते ऑगस्ट म्हणजे ऐन पेरणी-खुरपणीचे दिवस, मग आसपासच्या गावांनी त्या साली पेरलं काय आणि खाल्लं काय? त्या सालची आषाढीसुद्धा वेढ्यातच आली असणार. पंढरीला कोण गेलं असेल, कोण राहिलं असेल? असा प्रश्न गावच्या माणसालाच पडतो, आणि तो पडला की इतिहास आपला होतो.

चाकणचं दुसरं नाव सांगायचं तर संताजी महाराज जगनाडे. घरचा धंदा तेलाच्या घाण्याचा, समाधी सुदुंबऱ्याला. तुकोबांचे टाळकरी, आणि अभंग उतरवून घेणारे. इंद्रायणीनं वह्या तारल्या ही आपली श्रद्धा आहे, ती आहेच. पण संताजींच्या हातच्या वह्या पुढं त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या आणि वि. ल. भावे यांनी त्यावरून गाथा छापली, हासुद्धा इतिहास आहे. देवानं तारलं आणि माणसांनी सांभाळलं, असं आम्ही कीर्तनात दोन्ही सांगतो.

चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. मार्गशीर्षात तिथं समाधी महोत्सव होतो, कीर्तनं आणि व्याख्यानंही होतात. त्याच चिंचवडचे चापेकर बंधू. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली, पुढं तिघेही भाऊ फासावर गेले, हे शाळेत शिकवतात. त्यांचे वडील हरिपंत कीर्तनकार होते आणि मुलं कीर्तनाला साथ करायची, हे फार जणांना माहीत नसतं. कीर्तनाच्या घरातली पोरं होती ती, हे ऐकून आमच्या मृदंगवाल्या मुलांची मान ताठ होते.

आपल्या सोहळ्याचं बघा. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एका पालखीत. पुढं हैबतबाबांनी आळंदीहून माऊलींची पालखी वेगळी काढली. देहूची पालखी निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशहावली बाबांच्या दर्ग्यापाशी होते. ही जुनी रीत आहे. दिंडीत नव्यानं आलेल्या पोरांना ती सांगावी लागते, म्हणजे कुणी उगाच कान भरले तरी मन हलत नाही.

आता जिव्हाळ्याचं सांगतो. आकुर्डीचा मुक्काम हलवून पालखी पिंपरीवरून पुण्याला जाते, तो रस्ता पूर्वी शेतामळ्यांतला होता. १९५४ साली पिंपरीत सरकारी पेनिसिलीनचा कारखाना सुरू झाला. १९६२ ला महाराष्ट्रात एमआयडीसी आली, मग मोटारींचे, स्कूटरचे मोठे कारखाने उभे राहिले. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. त्यानंतर कारखाने चाकणकडं सरकले. कांद्याच्या बाजाराचं चाकण आता मोटारींचं झालं. पोरांना नोकऱ्या मिळाल्या, घरं पक्की झाली, ते नाकारत नाही.

पण जमिनी गेल्या तशी नावंही चालली. पूर्वी प्रत्येक शेताला नाव होतं. आंब्याचं शेत, जोगळ, पांढरीचा तुकडा, विहिरीचा मळा. सातबाऱ्यावर फक्त गट नंबर असतो, नाव म्हाताऱ्यांच्या तोंडात असतं. शेड उभी राहिली, विहीर बुजली, आणि नातवाला आपला मळा कुठं होता ते दाखवता येत नाही. म्हणून सप्ताहातला एक दिवस आम्ही शेतांच्या नावांना दिला. म्हाताऱ्या आयाबाया उभ्या राहून सांगतात, कुठं ओढा होता, कुठं कोणता देव होता, कोणत्या बांधावर दिंडीला भाकरी मिळायची. त्या दिवशी मंडपात सगळ्यांत जास्त गर्दी असते.

आणि ती गर्दी एकट्या गावकऱ्यांची नाही. कामाला आलेली लातूरची, नांदेडची, बीडची, बुलढाण्याची मंडळी भाड्याच्या खोल्यांतून येतात. टाळ त्यांच्याही घरात होता. त्यांच्या गावच्या दिंडीच्या गोष्टी त्यांनीही सांगाव्यात असं आम्ही म्हणतो. उद्या हीच मंडळी आपली पताका धरणार आहेत. त्यांना हे गाव आपलं वाटायचं तर गावाची गोष्ट त्यांच्या कानावर पडली पाहिजे.

बोलणाऱ्याला आम्ही तीन गोष्टी सांगतो. कागदात आहे ते कागदातलं म्हणून सांगा. वाडवडिलांकडून ऐकलं ते ऐकलेलं म्हणून सांगा. श्रद्धेचं आहे ते श्रद्धेनं सांगा. तिन्हीला मान आहे, पण एकाचा अंगरखा दुसऱ्याला घालू नका. आणि कुणाच्या जातीला, कुणाच्या देवाला खाली पाडून आपलं गाव मोठं होत नाही.

आपली दिंडी निघाली तेव्हा जोग महाराजांनी आळंदीत १९१७ साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था नवीनच होती. दिंडीची पहिली माणसं कोण, कुठल्या वाटेनं गेली, हे आज बरंचसं तोंडीच उरलंय. शताब्दीच्या निमित्तानं एवढंच मागणं आहे की प्रत्येक गावानं मंदिरात एक वही ठेवावी. शेतांची नावं, विहिरी, ओढे, दिंडीत चाललेली माणसं, म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहावीत. अक्षर वळणदार नसलं तरी चालेल. संताजींनी तेलाचा घाणा सांभाळून वह्या लिहिल्या, आपल्याला नोकरी सांभाळून एक पान लिहिता येईल. म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या.

बोला, राम कृष्ण हरी!