मोटारीचा वेग आणि सारथ्याचा पाय

घोड्याच्या गाडींत बसणाऱ्यास एक सोय होती. घोडा उधळला, तर दोष घोड्याच्या माथीं मारतां येई. मोटार आल्यावर ही सोय गेली. उधळणें मात्र गेलें नाहीं.

ब्रेकच्या उजवीकडे वेगाचें पेडल, ही रचना आरंभापासूनची नव्हे. फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारींत (१९०८ ते १९२७) डावें पेडल गिअरचें, मधलें गाडी मागें नेण्याचें आणि उजवें ब्रेकचें असे. वेग हातानें, चाकाखालच्या दांडीनें वाढवावा लागे. पुढें 'मॉडेल ए' आली आणि ज्या टोकाच्या पेडलानें गाडी थांबत असे, त्याच टोकाच्या पेडलानें ती धांवूं लागली. पायाची संवय बुद्धीला विचारून चालत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील प्रकरण उलगडतें.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत 'ऑडी ५०००' या जर्मन मोटारीविषयीं तक्रारी आल्या. गिअर 'पार्क'मधून काढतांच गाडी सुसाट सुटते आणि ब्रेक दाबूनही थांबत नाहीं, असें चालक सांगत. कांहीं अपघातांत घरचींच माणसें गेलीं. नोव्हेंबर १९८६ मध्यें सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स' कार्यक्रमांत पेडल आपोआप खालीं जातांना दाखविलें. त्या गाडींत त्यासाठीं मुद्दाम फेरफार केला होता, हें मागाहून उघड झालें. १९८५ सालीं सुमारें ७४,००० गाड्या विकल्या गेल्या होत्या; १९९१ सालीं तो आंकडा १२,०००च्या आसपास आला.

१९८९ सालीं सरकारी तपासाचा अहवाल निघाला. बहुतेक प्रसंगीं चालकाचा पाय ब्रेकवर नसून शेजारच्या पेडलावर होता. गाडी जों जों पळे, तों तों तो आपला 'ब्रेक' अधिकच जोरानें दाबी! हीं माणसें खोटें बोलत नव्हतीं, हीच त्यांतील करुण गोष्ट. सारथ्याचें कर्तव्य ब्रेक दाबण्यापुरतें नाहीं. संकटाच्या क्षणीं स्वतःच्या पायाविषयीं शंका घेणें हेंही त्यांतच येतें, आणि तें फार कठीण आहे. अहवालानें गाडीसही सर्वस्वीं निर्दोष ठरविलें नाहीं. तिच्या यंत्रांतील एका बिघाडानें इंजिन क्षणभर घोंगावे, आणि दचकलेला पाय चुके. ब्रेक दाबल्याविना गिअर 'पार्क'मधून सुटूं नये, अशी कळ १९८७ मध्यें त्या गाड्यांना बसविण्यांत येऊं लागली.

सारा दोष पायाचाच, असें मानणारांना २००९ सालीं टोयोटाच्या प्रकरणानें उत्तर दिलें. तेथें पायाखालची चटई वेगाच्या पेडलांत अडके, आणि कांहीं पेडलें स्वतःच चिकटत. २०११ च्या तपासांत विद्युत्-यंत्रणेंत दोष आढळला नाहीं. परंतु ग्राहकांपासून माहिती दडविल्याबद्दल २०१४ सालीं कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. मधल्या काळांत तिनें गाड्यांत अशी योजना केली होती कीं, दोन्ही पेडलें एकदम दाबलीं गेलीं, तर इंजिनानें ब्रेकचें ऐकावें.