न्यासु

'पोकेमॉन'मधला मांजरासारखा मियाउथ जपानमध्ये 'न्यासु' आहे. जपानी कानांना मांजराचा आवाज 'न्या' असा ऐकू येतो, त्यातून हे नाव आलं. इंग्रजीत 'म्याऊ'ला तोंडवाचक 'माउथ' जोडला गेला. पण खरी गंमत त्याच्या कपाळावर आहे! तिथलं सोनेरी नाणं म्हणजे 'कोबान', एदो काळातलं लंबगोल सुवर्णनाणं. 'नेको नि कोबान', मांजराला कोबान, ही जपानी म्हण. आपल्या 'गाढवाला गुळाची चव काय'ची सख्खी बहीण. 1996च्या मूळ खेळात नाणी उधळण्याच्या त्याच्या डावाचं जपानी नावही हीच म्हण. इंग्रजीत तो डाव 'पे डे', म्हणजे पगाराचा दिवस झाला. नाणी उरली, म्हण गळाली. मला ती हानी फार मोठी वाटते, कारण सोन्याची किंमत न कळणाऱ्या मांजरालाच तिथे सोनं मिरवायला दिलं होतं.