कांबळ्याखालचे पाणी

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून काश्मीरचे एक छायाचित्र हटकून छापून येते. श्रीनगरच्या आंचार सरोवरावर धुके पसरले आहे, लहान होड्या स्थिर आहेत आणि त्यांच्या टोकाशी माणसे डोक्यावरून कांबळे ओढून ओणवी बसली आहेत. पाहणाऱ्याला वाटते, बिचारे थंडीने गारठले! आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण ते कांबळे थंडीसाठी नसते. ते असते मासा दिसावा म्हणून. एवढी एक गोष्ट कळली आणि इतिहास शिकवताना आपण काय गाळतो, याचा विचार आम्हाला करावा लागला.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांच्या कडाक्याला ‘चिल्ला-ए-कलाँ’ म्हणतात. त्यामागून २० दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि १० दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’ येतो. फारसी ‘चिहल’ म्हणजे चाळीस. सूफींचा चाळीस दिवसांचा एकांत तो चिल्ला आणि जमातीत निघणाऱ्यांचा चिल्लाही तोच. सरोवरावरच्या या माणसाचे ध्यानही काही कमी नसते. फरक इतकाच, की त्याच्या सब्रवर घरची चूल अवलंबून असते.

ही माणसे हांजी, म्हणजे काश्मीरचे मुस्लिम नावाडी आणि मच्छीमार. त्यांचे हिवाळी शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गारठले की त्याचे खाणे, पचन, पळणे सारेच मंदावते आणि तो तळाशी पडून राहतो. याच दिवसांत पाणवनस्पती मरतात, गाळ बसतो आणि पाणी नितळ होते. अडचण असते ती आभाळाच्या उजेडाची. तो पाण्यावरून परततो आणि तळ झाकून टाकतो. कांबळे व पेंढ्याच्या आडोशाने हा उजेड अडवला, की अंधारात बसलेल्या डोळ्यांना तळ दिसू लागतो. मग लांब दांड्याचा भाला, ‘नारचू’, हळूच पाण्यात उतरतो. पाण्यातली वस्तू असते त्याहून वर दिसते, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा लागतो. आम्ही मुलांना प्रकाशाचे अपवर्तन फळ्यावर आकृती काढून शिकवतो. हांजीचा मुलगा ते होडीत शिकतो आणि चुकला तर रिकाम्या हाताने परततो.

ऊब देते ती कांगडी. वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात निखारे आणि वरून ढगळ फिरन. तासन्‌तास न हलता बसायचे तर याहून सोयीचे साधन नाही. पण या सुखाचीही किंमत आहे. कांगडीच्या सततच्या धगीने पोटाच्या व मांडीच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्येच केली होती.

आता इतिहासाकडे वळू. १५८६ मध्ये अकबराने काश्मीर घेतले, १६१९ मध्ये जहांगीरने शालिमार बाग उभारली, हे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. त्या बागेसमोरच्या सरोवरात मासे कोण धरीत होते, हे आम्ही कधी विचारले नाही. वॉल्टर लॉरेन्स या जमाबंदी अधिकाऱ्याने १८९५ च्या आपल्या ग्रंथात हांजींचे पोटभेद नोंदवले. कोणी तरंगत्या मळ्यांवर भाजी पिकवणारे, कोणी शिंगाडे काढणारे, कोणी ‘गाड हांज’ म्हणजे मासे धरणारे. मात्र त्यांच्या स्वभावाविषयी त्याने फारसे बरे लिहिले नाही.

पुढे साहेबाने आपला मासाही आणला. ब्रिटनमधून पाठवलेली ट्राउटची पहिली अंडी १८९९ मध्ये वाटेतच नासली, १९०० मधली जगली. ट्राउटच्या नद्यांना राखणदार आले, परवाने आले, गळाने मासेमारी करणाऱ्या पाहुण्यांसाठी उन्हाळ्याचा हंगाम ठरला. ती झाली ‘खेळाची मासेमारी’. हिवाळ्यात त्या नद्यांवर बंदी असते आणि पाहुणे घरी असतात. हांजी मात्र तेव्हाही सरोवरावर असतो. त्याची मासेमारी खेळ ठरली नाही आणि विद्याही ठरली नाही. पौषात काश्मिरी पंडितांच्या घरी गृहदेवतेला मासे-भाताचा नैवेद्य दाखवतात, मुसलमानाच्या घरी कमळकाकडीबरोबर मासा शिजतो. ताटे दोन, पण मासा पुरवणारे हात त्याच हांजींचे. तरी वस्तीत त्यांचा दर्जा खालचाच राहिला.

हे वाचताना आम्हाला रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे आमचे दालदी आठवतात. इस्लाममध्ये जात नाही, हे आम्ही व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. मग बादशहांच्या तारखा पाठ करणाऱ्या आमच्या इतिहासात जाळे आणि होडी का नाही, याचे उत्तर आम्हालाच द्यावे लागेल. हांजींनी ग्रंथ लिहिले नाहीत हे कारण पुरत नाही. त्यांचे ज्ञान पाहायला आम्ही कधी वाकलो नाही, हे खरे कारण आहे.

आता वेळही थोडा उरला आहे. शहराच्या सांडपाण्याने आणि गाळाने आंचार आक्रसले आहे. कांबळे आहे, नारचू आहे, नजरही आहे. पण हे सारे शास्त्र उभे आहे ते नितळ पाण्यावर. पाणीच गढूळ झाले, तर कांबळ्याखाली नुसताच अंधार उरेल.