सेंट हेलेनाला विमान पोहोचले
१४ ऑक्टोबर २०१७

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना या ब्रिटिश बेटावर १४ ऑक्टोबर २०१७ रोजी पहिले नियमित प्रवासी विमान उतरले. तोवर केपटाऊनहून टपालजहाजाने पाच-सहा दिवस लागत. जेमतेम साडेचार हजार वस्तीसाठी विमानतळावर २८.५ कोटी पौंड खर्च, त्यात धावपट्टीवरच्या लहरी वाऱ्यांमुळे उद्घाटन रखडलेले. ब्रिटिश वृत्तपत्रांनी याला ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ ठरवून टाकले. पर्यटकांची डोकी मोजली तर टीका खरीच. पण नेपोलियनला डांबायला हे बेट निवडले ते दूर म्हणूनच. साम्राज्याला तेव्हा हा दुरावा सोयीचा होता. साम्राज्य आटले, माणसे तिथेच राहिली. अत्यवस्थ रुग्णाने जहाजाची वाट पाहत पडून राहावे, हे कुठल्या काटकसरीत बसते? आता त्याला दक्षिण आफ्रिकेतले रुग्णालय काही तासांवर आहे.